रायरांच्या गच्चीवरचा गुरू

संपादकांनी तंजावरला पाठवलं ते बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा शिलालेख पाहायला. १८०३ सालचा, मराठीतला सर्वांत मोठा म्हणून नावाजलेला. तो पाहिला, सरस्वती महाल ग्रंथालयातल्या काचेआडच्या पोथ्या पाहिल्या, तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या विद्याव्यासंगाबद्दल सगळे लिहितात तेच टिपून घेतलं. मग पश्चिम मेन स्ट्रीटजवळच्या एका मराठी घरी जेवायला गेलो आणि शिलालेख मागे पडला. त्या घराच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण होती आणि शेजारच्या स्टुलावर दोन कॅमेरे.

घरच्या गृहस्थांना तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. फेब्रुवारीची संध्याकाळ होती आणि गुरू जवळजवळ डोक्यावर आला होता. ग्रहांचे फोटो काढायला तंजावर किती सोयीचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. गाव पावणेअकरा अक्षांशावर. २०१८ च्या जूनमध्ये शनी प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर होता, तेव्हा लंडनहून तो क्षितिजावर जेमतेम १६ अंश चढला; पुण्याहून ४९, इथून ५७. ग्रह जितका वर, तितकी मधली हवा कमी. फिलिपिन्समधलं सेबू साधारण याच अक्षांशावर आहे. गुरूवरचं ओव्हल बीए हे पांढरं वादळ लाल झाल्याची खबर २००६ साली जगाला दिली ती तिथल्याच ख्रिस्टोफर गो या हौशी निरीक्षकाने. रायर हे सांगताना सेबूचं नाव असं घेतात, की ते कुंभकोणमच्या पलीकडचं गाव वाटावं.

आता कॅमेरे. जुना म्हणजे फिलिप्सचा टूकॅम प्रो. या शतकाच्या सुरुवातीला संगणकासमोर बसून गप्पा मारायला निघालेला वेबकॅम. त्याचं भिंग काढून तिथे आयपीसच्या मापाची नळी बसवलेली. त्याआधी हौशी मंडळी फिल्मवर फोटो काढत. एकेक एक्सपोजर सेकंदा-दोन सेकंदांचं, आणि तेवढ्या वेळात हवा ग्रहाला इतक्यांदा हलवते, की पट्ट्यांची नुसती साय उरते. वेबकॅमने एका फोटोऐवजी चित्रफीत दिली. हवा क्षणभर स्थिर होते तेवढ्या फ्रेम निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या, एवढीच युक्ती. २००२ मध्ये रेजिस्टॅक्स हे फुकट सॉफ्टवेअर आलं आणि निवडण्या-रचण्याचं काम संगणक करू लागला.

या वेबकॅमचं दुखणं सेन्सरपेक्षा केबलमध्ये जास्त होतं. ६४० बाय ४८०ची फ्रेम, आणि ती जायची यूएसबीच्या पहिल्या पिढीच्या तारेतून. सेकंदाला दहा फ्रेमच्या वर गेलं की कॅमेरा चित्र फार दाबून पाठवायचा आणि गुरूवर नसलेले चौकोन उमटायचे. म्हणून रायर दहावरच थांबत. दोन मिनिटांत बाराशे फ्रेम.

दोनच मिनिटं का? गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. दोन मिनिटांत त्याच्या बिंबाच्या मध्यावरचा डाग अर्धी विकला (आर्क-सेकंद) सरकतो, आणि आठ इंची दुर्बिणीला दिसू शकणारा बारकावाही जवळपास तेवढाच. त्यापुढे ग्रहच स्वतःचं चित्र पुसू लागतो. हे गणित मला फार आवडलं. पुढच्या सगळ्या खर्चाचं मूळ त्यातच आहे.

नव्या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स ४६२ सेन्सर आहे. सोनीने ही जात पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी, अंधारात माणूस ओळखता यावा म्हणून घडवली. पिक्सेल २.९ मायक्रॉनचे, वेबकॅमच्या ५.६ च्या जवळपास निम्मे, त्यामुळे बार्लो या वर्धक भिंगाने प्रतिमा फार ताणावी लागत नाही आणि प्रकाश एकवटून राहतो. एक्सपोजर सहा-सात मिलिसेकंदांचं, सेकंदाला दीडशे फ्रेम. त्याच दोन मिनिटांत अठरा हजार.

नवा कॅमेरा जुन्याला सहज मात देईल अशी माझी अपेक्षा. रायरांनी आठच्या सुमाराला नवा लावला. पडद्यावर गुरू उकळत होता आणि अठरा हजारांतून निवडून रचलेलं चित्रही मऊच निघालं. दहानंतर हवा बसली, तेव्हा त्यांनी मुद्दाम जुना जोडला. बाराशे फ्रेममधूनच आलेलं ते चित्र रंगाने फिकं, दाणेदार, पण विषुववृत्ताचे दोन पट्टे आणि त्यांच्या कडेचे पीळ मघापेक्षा स्पष्ट. लगेच पुन्हा नवा लावला, आणि मग मात्र तुलना संपली. नव्या कॅमेऱ्याची दृष्टी फार तीक्ष्ण आहे असं मला वाटत नाही. त्याला संधी पंधरापट मिळते, आणि हवेने मुळात संधीच दिली नाही तर पंधरापट काहीच नाही.

शिवाय नव्याबरोबर नवी कटकट येते. दोन मिनिटांची एक चित्रफीत साडेपाच जीबी भरते. जुन्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर रायरांच्या नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी बॅटरी मेलेला एक्सपीचा लॅपटॉप वायर ओढून गच्चीवर न्यावा लागतो. गच्ची जुनी, चुना-विटांची मद्रास टेरेस. दिवसभर प्यायलेलं ऊन ती रात्री दुर्बिणीच्या तोंडाशी सोडते. ती निवते तोवर कालव्यांचा आणि भातशेतांचा ओलावा वर येऊन पुढची काच दवाने आंधळी करतो. दवाला हीटरची पट्टी गुंडाळावी, तर तीही ऊबच सोडणार.

या सगळ्यावर ईशान्य मोसमी पाऊस. महाराष्ट्राचं आभाळ जून ते सप्टेंबर बंद, कावेरीच्या खोऱ्याचं ऑक्टोबरच्या मध्यानंतर डिसेंबरपर्यंत. गुरूच्या २०२३ आणि २०२४ च्या प्रतियुती नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरात आल्या आणि ढगांत गेल्या. यंदाची १० जानेवारीला होती. पुढची २०२७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे गुरू सुटला. शनी मात्र उलट्या वाटेने चाललाय. यंदा ४ ऑक्टोबर, मग १८ ऑक्टोबर, मग ३० ऑक्टोबर, असं सरकत तो २०३२ पर्यंत पावसातच अडकणार. राशीला शनी लागतो तो असा, असं म्हणून रायरांनी डिस्कवरच्या जुन्या फिती पुसायला घेतल्या. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा तरी त्यांना हातचा जाऊ द्यायचा नाही.