पालकातलं लपलेलं पिवळं

पालकाची चार पानं खलबत्त्यात कुटा आणि थोड्या ॲसिटोनमध्ये भिजवा, पण गॅसपासून लांब! त्या अर्काचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर देऊन तिचं टोक योग्य द्रावकात बुडवलं, की रंग चढू लागतात. पुढे धावतं ते केशरट-पिवळं कॅरोटीन, त्यामागून ल्युटिन, शेवटी हरितद्रव्याच्या दोन छटा. तांबडा माठ इथे चकवतो. त्याची लाली जांभळातल्या अँथोसायनिनची नसते, ती बीटसारखी बीटासायनिनची असते.

अर्काचा जोर प्रयोगशाळेत ‘डीपीपीएच’ या जांभळ्या द्रावणावर अजमावतात. अँटिऑक्सिडंट असतील तर जांभळा उतरून पिवळट होतो. मात्र परीक्षानळीतला हा निकाल पोटात जसाच्या तसा लागू होत नाही.

कॅरोटीन आणि ल्युटिन तेलात विरघळतात, तेव्हा पालकाच्या भाजीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच.