डीपीचा दोष, टर्बियमचा गुण

गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाताना धानोरा लागतं. इथला बाजार मिटला की डीपीची, म्हणजे विजेच्या रोहित्राची, घूंऽ घूंऽ स्पष्ट ऐकू येते. गाव झोपतं, भार उतरतो, तरी ती थांबत नाही.

डीपीच्या पोटात सिलिकॉन-पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि दर आवर्तनात पत्रे दोनदा चुंबकित होतात. चुंबकित झाले की त्यांची लांबी बदलते, मीटरमागे फार तर काही मायक्रॉन. पण हे सेकंदाला १०० वेळा होतं, आणि तेच आपल्याला ऐकू येतं. भार नसला तरी व्होल्टेज असतंच, म्हणून मध्यरात्रीही सुटका नाही. (घुमण्याऐवजी तडतड येऊ लागली तर मात्र लांबूनच वायरमनला फोन करावा.) चुंबकित होताना लांबी बदलण्याचा लोखंडाचा हा गुण जेम्स जूलने १८४२ मध्ये दाखवला. डीपी बनवणाऱ्यांना तो नकोसा. पत्र्याचा दर्जा ठरवताना तो जितका कमी तितका बरा.

अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतले संशोधक आर्थर क्लार्क यांना तो हवा होता, तोही शेकडो पटींनी. टर्बियम या दुर्मिळ मृदा धातूत तो मिळतो. त्याच्या अणूतला ४एफ कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, चपटा असतो. चुंबकीय क्षेत्र फिरलं की ढगही फिरतो आणि शेजारच्या अणूंना ढकलतो. अडचण अशी, की शुद्ध टर्बियम हे शून्याखाली पन्नासेक अंशांच्याही खालीच नीट चुंबकासारखं वागतं. लोखंडाशी मिसळलं तर खोलीच्या तापमानालाही जमतं, पण मग क्षेत्र फार जोरदार लागतं. त्यात डिस्प्रोसियम घातलं, की चुंबकत्वाच्या दिशेबाबतचे दोघांचे हट्ट एकमेकांना मारतात आणि बेताच्या क्षेत्रातही काम भागतं. हाच टर्फेनॉल-डी, १९७० च्या दशकातला. मीटरभर कांडी दीड-दोन मिलिमीटर वाढते! मात्र मिश्रधातू ठिसूळ. ओढला तर तुटतो, म्हणून पाणबुडी शोधणाऱ्या सोनारमध्ये त्याला आधीपासूनच दाबून बसवतात.

आपल्याकडे या धातूंची जाण नवी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांच्या गटाने दुर्मिळ मृदा संयुगांचं चुंबकत्व वर्षानुवर्षं अभ्यासलं. हे धातू वेगळे करणाऱ्या सरकारी कंपनीचं, आयआरईएलचं, मुख्यालयही मुंबईतच. अडतं ते कच्च्या मालावर. आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सेरियम, लँथॅनम, निओडिमियम भरपूर आहे. टर्बियम आणि डिस्प्रोसियम नावापुरतंच. ते मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या चिकणमातीतून येतं.