वेटिंग आठ बरं की वेटिंग चाळीस?

गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. सव्वाआठपासून मला शेजाऱ्यांचे फोन येऊ लागतात. प्रश्न एकच असतो, 'वेटिंग आठ आहे, होईल ना?'

गैरसमज : आकडा लहान म्हणजे तिकीट पक्कं होणार.

आकड्याच्या आधीची अक्षरं वाचा. जीएनडब्ल्यूएल ही सर्वसाधारण यादी, म्हणजे बहुतेक वेळा गाडी सुटते तिथून थेट शेवटपर्यंत जाणाऱ्यांची. पीक्यूडब्ल्यूएल ही मधल्या टप्प्यांच्या सामायिक कोट्याची. दोन्ही रांगा वेगळ्या, आणि आपल्या कोट्यातल्या कुणी तिकीट रद्द केलं तरच आपण पुढे सरकतो. कोटाच मोजक्या बर्थचा असेल तर त्यातले आठ जण बेत रद्द करतील कसे? मोठ्या कोट्यातून चाळीस जण मात्र सहज गळतात. म्हणून सर्वसाधारण यादीतलं चाळीस हे सामायिक यादीतल्या आठपेक्षा कितीदा तरी बरं ठरतं.

मुंबई–मडगाव गाडीत कुडाळचं तिकीट मागितलं आणि सामायिक यादी आली, तर मडगावपर्यंतचं तिकीट एकदा तपासून पाहा. पैसे थोडे जास्त जातात, पण कुडाळला उतरण्यात गैर काही नाही. फक्त पुढचा बर्थ रिकामा जातो. मला ते खुपतं, तरी म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी हाच सल्ला देते.

गैरसमज : खिडकीवरचं वेटिंग तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढता येतं.

येत नाही. आरक्षित डब्यात ते तिकीट चालत नाही. ऑनलाइन तिकिटावरचे सगळे प्रवासी वेटिंगवरच राहिले तर चार्ट लागल्यावर ते आपोआप रद्द होतं. खिडकीवरचं तिकीट मात्र आपणच रद्द करायचं, गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत. इथे अनेकांचे पैसे बुडतात. आरएसीचं तसं नाही. तो प्रवासी हक्काने चढतो आणि बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांत मिळून बसतो. बर्थ रिकामा निघाला तर आधी त्यालाच मिळतो.

गैरसमज : तत्काळला जास्त पैसे मोजले, म्हणजे त्याचं वेटिंग आधी पक्कं होईल.

उलट आहे. आधी सर्वसाधारण यादी, मग तत्काळची.

गैरसमज : ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळतोच.

साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात थोडे खालचे बर्थ राखून असतात. पण त्या कोट्यासाठी तिकिटावर असा प्रवासी एकटा, नाही तर फार तर दोघे हवेत. आपण प्रेमाने सहा जणांचं एकच तिकीट काढतो आणि आजीला वरचा बर्थ येतो. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा.

तारखेचंही तसंच. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते, पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. पनवेलहून चढणाऱ्याची तारीख म्हणून दुसऱ्या दिवसाची. आदल्या तारखेचं तिकीट हातात धरून फलाटावर उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलं आहे, आणि त्यांच्याबरोबरची पोरं गणपतीला निघालेली होती.

'स्लीपरचे डबे कमी झाले' ही तक्रारही काही जण गैरसमजांत घालतात. तो गैरसमज नाही. जुन्या डब्यात 72 बर्थ होते, नव्या एलएचबी डब्यात 80 आहेत, हे खरं. पण नवे डबे आले तेव्हा अनेक गाड्यांत स्लीपरचे डबे काढून थ्री-एसी जोडले गेले. डब्यामागे आठ बर्थ वाढले तरी अख्खा डबा गेला की 72 जातात. शिवाय कोकण रेल्वेचा मार्ग रोहा–वीर टप्पा सोडला तर बहुतांश एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली गाडी स्टेशनात थांबते. म्हणून गणपतीत जादा गाड्या सोडल्या तरी त्या किती सोडायच्या याला मर्यादा पडते. थ्री-एसीचं भाडं न परवडणारा चाकरमानी मग जनरलच्या दारात उभा राहून रात्र काढतो.