गाडीचा रंग आणि घासाघीस

घरखर्चाच्या वहीत किराणा, दूध, गॅस, मुलांची फी हे रकाने आपण डोळे मिटून भरू शकतो. मोटारसायकलचा रकाना मात्र बहुतेक घरांत 'ह्यांच्या' डोक्यात असतो. ऑइल कधी बदलले, टायर कितीला आले, याची आपल्याला गंधवार्ता नसते. मग एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या वाक्य कानावर येते, "गाडीला एकदा रंग मारून घ्यावा म्हणतो. पाचेक हजार लागतील." आणि आपल्या तोंडून निघते, "नुसत्या रंगाला पाच हजार?"

मैत्रिणींनो, हा 'नुसता' शब्दच या खर्चात फसवा आहे. आमच्या तेरा वर्षांच्या, १०० सीसीच्या गाडीला यंदा रंग दिला. त्या निमित्ताने मी तीन ठिकाणी स्वतः जाऊन चौकशी केली. जे कळले ते तुमच्या वहीसाठी देते आहे.

रंगाखाली काय असते?

आपला जालना जिल्हा लोखंडाचा. इथल्या मिलमधल्या सळया कुठे कुठे जातात! उघडे लोखंड पावसात राहिले की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गाडीची टाकी, मडगार्ड, चेसी हे सारे पत्रा आणि लोखंडच. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणारे ऊन रंगाची चमक खाते. खडीचा एक टवका उडाला की तिथून पावसाळ्यात गंज आत शिरतो. तेव्हा रंग ही नुसती हौस नाही, पत्र्याचे ते पांघरूण आहे.

कल्हईवाला आठवतो ना? भांडे आधी तो घासघासून लख्ख करी, मगच कथील फिरवी. कल्हईला लागे क्षणभर, घासायला लागे सगळा वेळ. गाडीचेही तसेच. आधी मेकॅनिककडून टाकी, साइड कव्हर, मडगार्ड सोडवायचे. टाकीतले पेट्रोल काढायचे. पोचा ठोकून काढायचा. जुना रंग आणि गंज घासून उतरवायचा. खळग्यात लांबी भरायची, वाळली की पुन्हा घासायची. मग प्रायमर, त्यावर पाणी लावून बारीक पेपरने घासणे, मग रंगाचे दोन-तीन हात आणि शेवटी चकाकीचा लॅकर. प्रत्यक्ष फवारणी तास-दोन तासांची, बाकी तीन-चार दिवस घासकाम.

पेंटर अजूनही 'डुको' म्हणतात तो शब्द मूळचा एका अमेरिकन कंपनीच्या रंगाचा. १९२३-२४च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीने हा लवकर वाळणारा रंग मोटारींसाठी आणला. त्याआधी मोटार रंगवायची म्हणजे वाळायलाच कित्येक दिवस जात. त्या जातीचे रंग आजही स्वस्तात मिळतात. पण पेट्रोल सांडले की त्यांच्यावर डाग पडतो, चमकही लवकर जाते. हार्डनर घालून मारायचा 'पीयू' रंग महाग, पण टिकाऊ. भाव विचारताना पहिला प्रश्न हाच: "डुको की पीयू?"

तीन दुकाने, तीन भाव

पहिल्याने टाकी, दोन साइड कव्हर आणि पुढच्या मडगार्डचे २,२०० रुपये सांगितले. जुन्या रंगावरच वरवर घासून मारणार, गाडी दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्याने तेवढ्याच भागांचे ५,५०० सांगितले. जुना रंग उतरवून, प्रायमर, पीयू, लॅकर आणि स्टिकरसकट. तिसरे दुकान छत्रपती संभाजीनगरला. तिथे सगळी गाडी खोलून, चेसीला पावडर कोटिंग करून ११,००० रुपये.

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची भुकटी विजेच्या जोरावर लोखंडावर चिकटवायची आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजायची. चेसीला हे उत्तम. पण साइड कव्हर प्लास्टिकचे असते, ते त्या भट्टीत वितळेल. म्हणून "सगळ्या गाडीला पावडर कोटिंग करून देतो" असे कोणी म्हणाले तर जरा थांबून विचारा, कशाकशाला?

दुसऱ्या पेंटरला मी फोड करून मागितली. बिचाऱ्याने कागदावर लिहून दिली. रंग, लॅकर, हार्डनर १,२००. प्रायमर, लांबी, थिनर, पेपर ७००. स्टिकर ५००. उरले ३,१००. त्यातून दुकानाचे भाडे, कंप्रेसरची वीज आणि दोघांची चार दिवसांची मेहनत. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे रंगाचे नव्हेत, हातांचे आहेत.

शिवाय कोणी न सांगितलेले खर्च असतात. मेकॅनिकची खोलजोड, तडकलेले रबर, गेलेले नटबोल्ट आणि चार दिवसांचे रिक्षाभाडे. पाचशे-हजार रुपये वेगळे बाजूला ठेवा.

विकायची की वापरायची?

हा निर्णय रंगाच्या आधी व्हायला हवा. आमच्या गाडीला आहे त्या अवस्थेत २२ हजार येत होते, चकाचक केल्यावर २५. म्हणजे विकण्यासाठी ५,५०० घालून ३,००० मिळवायचे! हा घाट्याचा सौदा. विकायची असेल तर नुसती धुऊन, पॉलिश करून विका.

वापरायची असेल तर हिशेब उलटतो. इंजिन ठणठणीत असेल आणि रंग पाच वर्षे टिकला, तर महिन्याला ९२ रुपये पडतात. इंजिनच थकले असेल तर मात्र रंगावर पैसा घालू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. तेव्हा नव्या गाडीचा आजचा भाव आणि हप्ता एकदा विचारून मगच ठरवा.

मुलांचा आग्रह असतो काळ्या मॅट रंगाचा नाहीतर भडक लाल रंगाचा. आमच्याकडेही दोन दिवस अबोला झाला. पण गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावे लागते. तोच रंग ठेवला की ही यातायात वाचते. चिरंजीवांना मी पट्ट्या कोणत्या लावायच्या तेवढे ठरवू दिले.

चकाकीला भुलू नका

जुनी गाडी विकत घ्यायची असेल तर ताजा रंग पाहून हुरळू नका. माझ्या एका सहकारी बाईंनी मुलीसाठी अशीच नवीकोरी दिसणारी गाडी घेतली. दोन महिन्यांत चेसीच्या जोडावरचा रंग फुगला आणि खाली गंजाने खाल्लेले लोखंड निघाले. पोर त्या गाडीवरून रोज हायवेने जात होती!

फ्रिजवरचे एक लोहचुंबक पर्समध्ये टाकून न्या. पत्र्याच्या टाकीवर ते फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. बोल्टवर, रबरावर, वायरींवर रंगाचे तुषार दिसले तर काम घाईचे आहे. चेसीचा नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. नंबरावर खरवडल्याच्या खुणा असतील तर नमस्कार करून परत फिरा.

घासाघीस कुठे करावी?

आपण बायका भाजीवालीशीही घासाघीस करतो, मग इथे का नको? मीही म्हटले, "पाच हजारांत करा." पेंटर शांतपणे म्हणाला, "करतो ना ताई. मग घासायचा एक दिवस कमी करावा लागेल." आपली घासाघीस त्याच्या घासण्यातून कापली जाते, ती अशी. आणि ते सहा महिने कळत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटू लागले की कळते.

फवारणी करणारा मुलगा ओळखीचा निघाला. चार वर्षांपूर्वी दहावीत माझ्या वर्गात होता. "मॅडम, पाणी घेता का?" म्हणाला. तोंडाला साधा रुमाल आणि नाकपुड्यांच्या कडा निळ्या. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याने दम्यासारखा आजार जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वाफेनेही श्वास कोंडतो. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. त्यासाठी वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क लागतो, तो हजार-बाराशेला येतो.

मी ५,५०० पूर्ण दिले आणि पेंटरला म्हटले, "पाचशे कमी करत नाही, पण याच्या मास्कचं बघा." पुढच्या खेपेला गेले तर मास्क आलेला होता. दुकानात भाव विचारताना तुम्हीही विचाराच, "फवारताना मास्क लावता का?" गिऱ्हाइकाने विचारले की दुकानदाराला ठेवावा लागतो.

शेवटी थोडे लक्षात ठेवा

दसऱ्याला गाडीची पूजा असते, म्हणून त्याआधीचे पंधरा दिवस पेंटरकडे झुंबड उडते आणि काम उरकले जाते. भर पावसाळ्यात दमट हवेने रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा सर्वांत चांगली. अर्धेच पैसे आगाऊ द्या, आणि कोणता रंग, किती हात, काय काय सोडवणार, हे कागदावर घ्या. प्रायमर मारला की एकदा जाऊन पाहा. लांबीचे खड्डे, पेपरचे ओरखडे तेव्हाच दिसतात, नंतर सारे झाकले जाते.

गाडी घरी आल्यावर आठवडाभर धुऊ नका, पंधरा दिवस प्लास्टिकचे कव्हर घालू नका आणि पंपावर टाकी काठोकाठ भरू नका. आणि ते ५,५०० रुपये 'ह्यांच्या' डोक्यात न ठेवता तुमच्या वहीत तारखेसकट लिहा. रंग किती वर्षे टिकला, ते तिथूनच कळेल.