धावपट्टीवाचून विमान

धावपट्टी म्हणजे शत्रूच्या नकाशावरची कायमची खूण. तिच्यावर चार बाँब पडले की उत्तमातले उत्तम लढाऊ विमान जागच्या जागी निकामी. म्हणून ब्रिटनमध्ये हॉकर कंपनीने १९६० साली एक प्रायोगिक विमान दोरखंडांनी जमिनीला जखडून उभ्याउभ्या उचलून पाहिले. त्यातून पुढे हॅरियर निपजले व १९६९ साली ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले.

युक्ती ऐकायला सोपी आहे. हॅरियरच्या पेगॅसस इंजिनाच्या झोताला चार तोंडे असतात. वैमानिकाने हाताशी असलेला दांडा ओढला की चारी तोंडे खाली वळतात, आणि झोत खाली गेला की विमान वर. जागेवर तरंगताना पंखांचा उपयोग नसतो. नाक, शेपूट आणि पंखांची टोके येथून सुटणाऱ्या बारीक झोतांनी तोल राखायचा. इंजिन तापू नये म्हणून त्यात पाणी सोडतात, तेही जेमतेम दीड मिनिट पुरते.

पण पुरते इंधन आणि बाँब लादलेले विमान असे सरळ उचलत नाही. थोडे धावले की पंखही भार घेतात. जहाजाच्या पुढच्या टोकाला चढण बांधली की आणखी साधते. परतताना इंधन जळून अंग हलके झालेले असते, तेव्हा उभ्याने उतरायचे. आखूड धावेने चढणे आणि उभ्याने उतरणे, हाच त्यातला व्यवहार.

आमचा जन्म कामगारांत गेला. यंत्र दिसले की त्याला किती हात लागतात, हे आम्ही आधी विचारतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात २८ सी हॅरियर लढली. हवाई झुंजीत एकही पडले नाही. ही कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण विमानवाहू नौका शत्रूच्या भयाने दूर पूर्वेला राहत, आणि येण्याजाण्यातच इंधन सरे. म्हणून बेटावर सॅन कार्लोसला तळ हवा झाला. त्याचे बरेच सामान ‘अटलांटिक कन्व्हेयर’ जहाजाबरोबर २५ मेला गेले होते. उरल्यासुरल्या धातूच्या फळ्या जोडून लष्करी अभियंत्यांनी जूनच्या आरंभी सुमारे २६० मीटरांची पट्टी केली. ८ जूनला एक हॅरियर तिच्यावरच कोसळले आणि पट्टी काही वेळ बंद पडली. त्याच दिवशी अर्जेंटिनाच्या विमानांनी ‘सर गॅलाहॅड’ व ‘सर ट्रिस्ट्रम’ ही जहाजे गाठली. धावपट्टीवाचूनच्या विमानालाही अखेर पट्टी लागली, आणि ती अंथरणारी माणसे लागली!

त्या युद्धातली ‘हर्मीस’ १९८७ साली आपली ‘विराट’ झाली. आपल्या आरमाराची सी हॅरियर गोव्यातल्या दाभोळीच्या तळावर असत. २०१६ साली ती निवृत्त झाली.

आज तेच काम एफ-३५बी करते. त्यात वैमानिकाच्या मागे एक मोठा पंखा बसवला आहे, तो इंजिनाच्या दांड्याने फिरतो. त्या पंख्याने इंधनाची जागा खाल्ली, म्हणून धावपट्टीवरून उडणाऱ्या आपल्या भावंडाहून त्याचा पल्ला कमी.

यातलेच एक ब्रिटिश विमान १४ जून २०२५ रोजी तिरुवनंतपुरमला अचानक उतरले, ते बिघाडामुळे तेथेच अडकले. भोवती पहारा बसला. जहाजाविना, पट्टीविना उतरू शकणारे हे यंत्र आठवड्यांमागून आठवडे पावसात उभे! शेवटी ब्रिटनहून कारागिरांची तुकडी अवजारे घेऊन आली, त्यांनी ते ओढून हँगरात नेले, आणि २२ जुलैला ते उडाले.