रंगछटांचा मेळ

अल्कोहोल मार्करमधील अल्कोहोल उडून गेले की रंग कागदात स्थिरावतो. भोकरदनच्या उन्हाळ्यात हा अवधी फारच अल्प असतो. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना लहान लहान भाग रंगवावयास सांगतो: प्रथम फिकी छटा, ती ओली असतानाच कडेला गडद, आणि सांध्यावरून पुन्हा फिकी. रंग वाळलाच, तरी निराश होऊ नये. अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात रेषा व बिंदूंनी छटा देण्याच्या 'वर्तना' सांगितल्या आहेत. त्याच रीतीने बारीक रेषा व ठिपक्यांनी सांधा मिटविता येतो. आमच्या वसतिगृहात संच एक, हात अनेक. उघडा मार्कर लवकर सुकतो. म्हणून काम होताच टोपण घट्ट लावावे, म्हणजे पुढच्या मुलाच्या वाट्याचा रंग शिल्लक राहतो.