आवाजाला वंदन, पण नावाचे काय?

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ओळखत नाही असा माणूस भोर-वेल्ह्याच्या खेड्यापाड्यांत सापडणे कठीण. माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, गणपतीचे दहा दिवस आमच्या गावाची सकाळ याच आवाजाने उजाडत असे. देवळावरचा कर्णा पहाटेच सुरू होई आणि अख्खे गाव त्या गाण्यावर माना डोलवी. १४ एप्रिलला तोच आवाज आमच्या बुद्धवाड्यातल्या कर्ण्यावरून भीमगीत गाऊ लागे. आवाज एकच, कर्णे दोन. फरक इतकाच, की पहिल्या कर्ण्याला गावात कोठेही मज्जाव नव्हता आणि दुसऱ्याचे तोंड वाड्याकडेच वळवून ठेवावे, मिरवणूक चावडीच्या पुढे नेऊ नये, असा 'सल्ला' दरवर्षी मिळत असे. देवळापुढे माना डोलावणाऱ्यांना गाणारा माणूस कोणत्या वस्तीतला, हे ठाऊक नव्हते असे नाही. ज्यांना ठाऊक होते ते त्याविषयी बोलत नसत.

हे सगळे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून कॉलेजात येणाऱ्या सात-आठ मुलामुलींनी यंदा एक अल्बम केला. नऊ गीते. त्यांतली चार वामनदादा कर्डकांची, पाच मुलांनी स्वतः लिहिलेली. पण ढोलकाचा ठेका, कोरस, सूर लावण्याची पद्धत, सगळे सत्तरीच्या दशकातल्या प्रल्हाद शिंदे यांच्या धर्तीवर. "सर, ही दादांना वंदना आहे. चार ओळी प्रस्तावना लिहा," असे ती म्हणाली. मी लिहायला बसलो तेव्हा माझ्याच ध्यानात आले, की एखाद्याच्या आवाजाला वंदन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा आपण कधी विचारच केलेला नाही. तो येथे करू पाहतो.

१

प्रथम तो आवाज म्हणजे काय ते पाहू. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा, मंगळवेढ्याचा. गाणे त्यांच्याकडे घरातूनच आले. पण त्याला जी धार चढली ती कव्वालीमुळे. तरुणपणी ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये गात. 'अल हिलाल' या १९५८ च्या चित्रपटातील कव्वालीमुळे ज्यांचे नाव देशभर झाले तेच हे इस्माईल आझाद. मराठी लोकगीत, भजन आणि मुसलमान कव्वालांची मांडणी या तिन्ही गोष्टी त्या एका गळ्यात एकत्र आल्या. मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत दलित व मुसलमान कामकरी शेजारी राहत होते, एकमेकांचे कार्यक्रम ऐकत होते. त्या शेजारातून हे गाणे उभे राहिले. 'शुद्ध' परंपरेची प्रौढी मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कव्वाली पार्टीची मांडणी अशी असते. मध्ये मुख्य गायक आणि पेटी. बाजूला ढोलक, तबला, बुलबुलतरंग (ज्याला आपल्याकडे सर्रास बँजो म्हणतात) आणि मागे टाळ्या देणारा कोरस. टाळी ही तेथे शोभेची नसते, ती ताल धरते. गायक मुखड्याआधी मोकळ्या सुरात दोन ओळी फेकतो, श्रोता सावध होतो, मग ढोलक पडतो. मुखडा कोरस पुन्हा पुन्हा उचलतो आणि गायकाला श्वास घ्यायला उसंत मिळते. सूर उंच, कारण गाणे मोकळ्या मैदानातले. शेवटच्या रांगेतल्या, पायांवर उकिडव्या बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे. कर्णा असला तर असला, नसला तर नसला. म्हणून या गाण्यात शब्द गिळला जात नाही, अक्षर न् अक्षर सुटे ऐकू येते. ज्यांच्यासाठी ते गायिले जाई त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. त्यांचे वर्तमानपत्र ते हेच होते.

तेव्हाच्या ध्वनिमुद्रणाचाही यात वाटा आहे. वादक, गायक आणि कोरस एका खोलीत बसत आणि एकाच वेळी गात-वाजवीत. एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरे. चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आज प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते, ढोलक संगणकातून येतो, सूर हलला तर यंत्र तो जागेवर आणते. आमच्या मुलांनी हे टाळले. भोरमध्ये एका मित्राच्या घरातली खोली गोधड्या लावून बंद केली आणि सगळे एकदम गायिले. ढोलक वाजवणारी मुलगी आहे, हे येथे मुद्दाम नोंदवतो. त्या खोलीत तो जुना बाज खरोखरच सापडला. पहिले गाणे ऐकले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

२

पण नावाचे काय होत गेले, ते आता पाहू.

सत्तरीच्या दशकात एचएमव्हीच्या तबकडीवर, मधल्या गोल कागदावर, गीतकार, संगीतकार, गायक अशी नावे छापलेली असत. तबकडी महाग, ती आमच्या वस्तीत कोणाकडे असणार? ती लाऊडस्पीकरवाल्याकडे असे. ज्याला वाचता येई तो ते नाव वाची आणि इतरांना सांगे. पुढे कॅसेट आली आणि ऐंशीच्या दशकात ती स्वस्त झाली. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, लहान कंपन्या उभ्या राहिल्या, भीमगीतांच्या कॅसेटी जत्रेत आणि दीक्षाभूमीवर ढिगाने विकल्या जाऊ लागल्या. हा मोठाच लाभ होता. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास; तबकडीवर तीन मिनिटांत गुदमरलेले गाणे येथे पाय पसरू शकले. परंतु त्याचबरोबर चोरून भरलेल्या कॅसेटीही आल्या. त्यांच्या वेष्टनावर बाबासाहेबांचे चित्र असे आणि नावे नसत.

मग मोबाइलचे कार्ड आले. मी कॉलेजात शिकत होतो तेव्हा एस. टी. स्टँडजवळच्या दुकानात दहा-वीस रुपयांत शंभर भीमगीते भरून मिळत. कार्डात गीताला नाव नसे. एक, दोन, तीन असे आकडे असत. कवी गेला, संगीतकार गेला, गायकही गेला. उरला तो आवाज. आज इंटरनेटवर नाव लिहायला हवी तितकी जागा आहे, परंतु तेथे पुष्कळदा गाणे टाकणाऱ्याचे नाव मोठे आणि कवीचे नसतेच. नाव लिहिण्याची सोय वाढली, तशी नाव लिहिण्याची सवय गेली.

प्रल्हाददादांच्या घराण्याने निदान शिंदे हे नाव टिकवले. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी कॅसेटचा काळ गाजवला. नातू आदर्श आणि उत्कर्ष आज गात आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या बाबासाहेबांवरील दूरदर्शन मालिकेचे शीर्षकगीत आदर्श शिंदे यांनी गायिले आणि ते मिरवणुकांत पोचले. रक्ताचा वारसा असलेल्या आवाजाला ओळख मिळते. पण शब्द लिहिणाऱ्याचे काय? ढोलक वाजवणाऱ्याचे, कोरसमध्ये उभ्या आयुष्यभर टाळी दिलेल्यांचे काय?

३

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते गुंजवणीच्या खोऱ्यात मिळाले. तेथे एक वृद्ध गृहस्थ राहतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते गायन पार्टी चालवीत. वेल्ह्यापासून वाईपर्यंत पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने कार्यक्रमाला जात. मुलांना म्हटले, अल्बम लोकांपुढे ठेवण्याआधी त्यांना ऐकवा. रविवारी आम्ही गेलो. मुलांनी मोबाइलवर गाणी लावली. म्हातारबाबा डोळे मिटून ऐकत होते, मांडीवर ठेका धरत होते. वामनदादांचे दुसरे गाणे संपले तसा त्यांचा हात थांबला.

"गळा चांगलाय पोरीचा. ढोलकबी बरा हाय. पर वामन कुटं गेला?"

आम्हाला कळेना. एक मुलगा म्हणाला, "आबा, गाणं त्यांचंच आहे."

"आरं, मग शेवटचं कडवं कुटाय? त्यात त्याचं नाव असतंय न्हवं?"

मुलांनी चारही गाण्यांची शेवटची कडवी गाळली होती. हेतू वाईट नव्हता. इंटरनेटवर लोक साडेतीन मिनिटांपुढे ऐकत नाहीत, असे त्यांना कोणी सांगितले होते. कापायचे तर शेवटचे कापावे, इतकाच हिशेब. आणि मी, मराठी शिकवणारा माणूस, दोनदा ऐकूनही मला ते खटकले नव्हते. आबांनी पेटीतून वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, कडा कुरतडलेल्या, अक्षर मोठे आणि कष्टाने काढलेले. चारही कडवी त्यात होती.

शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफायचे, याला नाममुद्रा म्हणतात. वर्गात मी ती दरवर्षी शिकवतो. चोखोबांच्या अभंगात ती आहे. सोयराबाई स्वतःला 'चोख्याची महारी' म्हणवते; ज्या शब्दाने तिला दूर ठेवले तोच शब्द ती सही म्हणून वापरते. ज्यांना पोथी लिहिण्याचा, शिलालेख कोरण्याचा अधिकार नव्हता त्यांनी आपले नाव गाण्याच्या आतच ठेवले. कारण कागद जाळता येतो, दगड फोडता येतो, पण गाणे पाठ असलेल्या माणसाच्या तोंडून नाव काढून घेता येत नाही. सत्यशोधक जलशांनी, भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने गाण्याची ही परंपरा चळवळीच्या कामाला जुंपली. वामनदादांनी ती घरोघर नेली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षर शिकला, १९४३ मध्ये पहिले गीत रचले आणि पुढे आयुष्यभर गीताच्या शेवटी 'वामन' लिहीत राहिला. उशिरा हाती आलेल्या अक्षराने त्याने केलेली ती सही आहे. ती कापून आम्ही त्याच्या सुराला वंदन करायला निघालो होतो.

माझ्या वडिलांना सही येत नव्हती. ते अंगठा देत. घरात पहिली सही माझी. म्हणून म्हाताऱ्याचा तो प्रश्न मला अधिक लागला असेल.

४

कायदा काय म्हणतो, हेही कार्यकर्त्यांना ठाऊक असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीताच्या शब्दांवरील व चालीवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे चालतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. म्हणजे जुने भीमगीत हे 'कोणाचेच नाही' असे समजून उचलता येत नाही. पूर्वी ध्वनिमुद्रित झालेले गीत पाच वर्षांनंतर दुसऱ्याने नव्याने गायचे असेल तर आगाऊ सूचना देऊन आणि मानधन भरून तसे करण्याची वाट २०१२ च्या दुरुस्तीने ठेवली आहे. एरवी वारसांची परवानगी घ्यावी. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला एक वेगळा अधिकार दिला आहे. हक्क विकला तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा अधिकार त्याचाच राहतो. नाव विकले जात नाही.

पण बाज, ठेका, सूर लावण्याची तऱ्हा यांवर कोणाचाच कायदेशीर हक्क नसतो. प्रल्हाददादांची धाटणी कोणीही घ्यावी. त्याबद्दल एक पैसा द्यावा लागत नाही. हे जगभर असेच आहे. अमेरिकेत जेम्स ब्राऊन या कृष्णवर्णीय गायकाच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात क्लाइड स्टबलफील्डने ढोल वाजवला. पुढे रॅप गाणाऱ्यांनी त्याचे ते काही सेकंद शेकडो गाण्यांत वापरले. गीतकार म्हणून त्याचे नाव नोंदलेले नव्हते. त्यामुळे त्या वापराचे मानधन त्याच्याकडे आले नाही. तो २०१७ मध्ये वारला. ठेका सर्वांचा झाला. वाजवणारा बाजूला राहिला. आमच्या तमाशातले, जलशातले, गायन पार्टीतले किती ढोलकीवाले असे गेले असतील?

जेथे कायदा गप्प बसतो तेथे चळवळीने आपला नियम करावा लागतो. आबांच्या पार्टीत तो होता. गाणे सुरू करण्यापूर्वी ते उभे राहून कवीचे नाव सांगत आणि कार्यक्रम संपताना पेटीवाल्यापासून टाळकऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे गावासह पुकारीत. ज्यांना गावात 'ए' म्हणून हाक मारली जाई त्यांचे पूरे नाव त्या रात्री कर्ण्यावरून ऐकू येई.

मुलांनी चारही गाणी पुन्हा गायिली, शेवटच्या कडव्यांसह. दोन गाणी सहा मिनिटांच्या पुढे गेली. वारसांच्या परवानगीसाठी पत्र लिहिले आहे. उत्तर येईपर्यंत अल्बम प्रसिद्ध करायचा नाही, असे ठरले. यंदाची जयंती हुकली तर हुकली, असे ढोलकवाली मुलगीच म्हणाली. माझी प्रस्तावना मी परत घेतली. तिच्या जागी आता नावांची यादी आहे: प्रल्हाद शिंदे, वामनदादा, नवी गीते लिहिणारी मुले, वाजवणारे, कोरस आणि आपली वही उघडून देणारे आबा. शेवटच्या गाण्यानंतर मुले ती सगळी नावे मोठ्याने वाचतात. मिरवणुकीत हा अल्बम लागेल तेव्हा चावडीपाशी हीसुद्धा ऐकू येतील. कर्ण्याचे तोंड त्या बाजूला करायचे की नाही, हे आता मुलांनी ठरवायचे आहे.